दुधी भोपळ्याचं पोर्क

मला वाटलं होतं, माझी भांडणं होतील ती ओव्हनच्या तापमानावरून. प्रत्यक्षात आमच्या कॉलेजच्या ओव्हनमध्ये क्रीडास्पर्धांचे चषक ठेवलेले होते.

मी मूळची जळगावची. शिकले जर्मनीत. तिथल्या एका गावातल्या खानावळीत डुकराच्या पोटाच्या मांसात सारण भरून ते मंद आचेवर शिजवण्यात माझी उमेदवारी गेली. सोबत आंबवलेली कोबी आणि बटाट्याचे गोळे. ही सगळी विद्या आपल्या मुलांना द्यायची, खानदेशची पोरं जगभरच्या स्वयंपाकघरांत उभी राहिलेली पाहायची, या वेडानं मी परत आले आणि शिरपूरजवळच्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायला लागले.

कापसाने भरलेला ट्रक गेला की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकून राहतो. माझ्याकडे किस्से तसे साठत गेले, मी न वेचता. सुरुवातीला मी ते मैत्रिणींना फोनवर हसवायला सांगायचे. मग लक्षात आलं की हसतात त्या. मी नाही.

*

आधी ओव्हनचंच सांगते.

आमचे प्राचार्य म्हणजे नाना. सगळं कॉलेज त्यांना नानाच म्हणतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला हौसेनं लॅब दाखवली. भिंतीलगत मोठा थोरला ओव्हन, पुढे काचेचं दार, आत तीन मजली चषक. नानांनी बटण दाबून आतला दिवा लावला. चषक झळाळले.

"नाना, मग ओव्हन वापरता कधी?"

"वापरतोय ना! पाहुणे आले की लावतो."

*

अभ्यासक्रमात एक पदार्थ सक्तीचा आहे. स्टफ्ड रोस्ट पोर्क, सोबत ॲपल सॉस आणि रोस्ट पोटॅटो. कॅम्पस मात्र शुद्ध शाकाहारी. गेटवर तशी पाटीच आहे.

नाना हा पाठ स्वतः घेतात. त्यांनी टेबलावर एक लांबलचक दुधी भोपळा ठेवला, उभा चिरला, आत पावाचा चुरा आणि कांदा भरला, सुतळीनं आवळला आणि वर मीठ चोळलं.

"हे पोर्क समजा!"

वर्गानं समजून घेतलं. मागून एकानं विचारलं, "सर, पोर्कची साल काढायची का?"

"कोवळं असेल तर नाही," नाना म्हणाले.

परीक्षेत प्रश्न आला, चांगलं पोर्क कसं ओळखाल? अर्ध्या वर्गाचं उत्तर सारखं होतं. 'पोर्क हिरवेगार असावे. नख टोचल्यास रस यावा. हातात जड लागल्यास आत बिया धरल्या आहेत असे समजावे.'

मी शून्य दिलं. नानांनी पेपर मागवून घेतले आणि पूर्ण मार्क दिले. "मॅडम, शिकवलं तेच लिहिलंय पोरांनी!"

*

ॲपल सॉस केळ्यांचा होतो. संस्थेच्या अध्यक्षांची केळीची बाग आहे.

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. घरचे माळकरी, अंड्यालासुद्धा न शिवणारे. त्यांनी भोपळ्याची एक फोड केळ्याच्या सॉसमध्ये बुडवली, डोळे मिटून चावली आणि गंभीरपणे म्हणाले, "सॉस उत्तम. पोर्क जरा कच्चं राहिलंय."

*

हे इथवर मी हसवायला ऐकवायचे. पुढचा रवीचा.

रवी पहूरचा. वर्गात पहिला. जहाजावरच्या किचनसाठी मुंबईत त्याची मुलाखत झाली. समोरच्यांनी विचारलं, पोर्क शिजलं हे कसं कळतं?

रवीनं खणखणीत सांगितलं, "बिया मऊ झाल्या की!"

मुलाखत घेणारे आधी हसले. मग त्यांना वाटलं, हा आपली थट्टा करतोय. त्यांनी त्याला बाहेर पाठवलं.

आता रवी पहूरच्या स्टँडजवळ भुर्जीची गाडी लावतो. मी भेटायला गेले तर बिचारा मलाच विचारायला लागला, "मॅडम, मला तर पाठ होतं. माझं चुकलं काय?"

मी नानांना हे सांगितलं. ते हळहळले. "पोरगा हुशार हो. पण कॉन्फिडन्स नाही!"

*

त्यानंतर मी वर्गात सरळ विचारलं, "खरं पोर्क कुणी शिजवताना पाहिलंय?"

कुणाचाच हात वर आला नाही. तास संपल्यावर पूजा माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. धुळ्याकडच्या खेड्यातली, हॉस्टेलला राहणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी.

"मॅडम, आमच्या घरी करतात. मला येतं. पण वर्गात नका सांगू."

"का गं? ही तर अभिमानाची गोष्ट आहे!"

"मॅडम, तुम्ही जर्मनीत शिकलात म्हणून तुमचा अभिमान. मी घरी शिकले. हॉस्टेलवर कळलं तर माझ्या ताटाशेजारी कोणी ताट मांडणार नाही."

*

आणि आता हा शेवटचा.

या हिवाळ्यात बाहेरच्या एका मोठ्या हॉटेलचे शेफ मुलं निवडायला आले. जागा एकच होती. त्यांनी अभ्यासक्रम चाळला आणि म्हणाले, "हे स्टफ्ड पोर्क खायला घाला. सोबत तुमच्याकडचं जे असेल ते."

नाना गारठले. जागा तर हवी होती. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "कॅम्पसमध्ये नाही. आपल्या मळ्यात करू. कोणी विचारलं तर भरीत पार्टी!"

आमच्याकडे थंडीत भरीत पार्टी म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. पुरावा म्हणून कापसाच्या पऱ्हाट्यांवर चार वांगीही भाजली. कॉलेजच्या ग्रुपवर फोटो गेला तो वांग्यांचा.

कृती मॅडमची असं सांगायचं, या अटीवर पूजा तयार झाली आणि तिनं गुपचूप भावाकडून मांस मागवलं. लॅबमधलं जाड बुडाचं पितळी पातेलं आम्ही मळ्यात नेलं. सुकं खोबरं, तीळ, लसूण आणि काळा मसाला वाटून तिनं सारण केलं, मांसाच्या थरात भरलं, गुंडाळी दोऱ्यानं बांधली. पातेल्याचं झाकण कणकेनं लिंपलं, वर निखारे ठेवले. सकाळचं पातेलं दुपार कलली तेव्हा उघडलं. सोबत कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. अध्यक्षांचा पुतण्या चेतन आमच्याच वर्गात आहे. त्यानं एकदा चुलीवर फुंकर घातली आणि सेल्फी काढला.

पहिला घास संपायच्या आत शेफनी दुसरा तोडला. नाना त्यांच्याही पुढे होते. "बसा बसा, लाजू नका!" म्हणत त्यांनी स्वतः तिसरी भाकरी मोडली. बोटं चाटून म्हणाले, "कितीक वर्षांनी हो, मॅडम!"

"हे केलं कोणी?" शेफनी विचारलं.

पूजा चुलीतली राख ओढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"टीमवर्क!" नाना म्हणाले.

"टीमला नोकरी देता येत नाही, सर. उद्या सकाळी मी निघतोय. मॅडम, तुम्ही शिकवता ना? त्याआधी मला एक नाव सांगा."

शेफ लॉजवर गेल्यावर नाना माझ्याजवळ आले. "चेतनचं सांगा. संस्थेच्या घरातलं पोर आहे. आणि तुम्हालाही जूनमध्ये कायम व्हायचंय ना?"

"नाना, स्वयंपाक कोणी केला ते..."

"अहो, सगळ्यांनी मिळून केला! कोणा एकाचं नाव कसं घेणार?"

हात धुऊन ते गाडीकडे निघाले. पूजा हौदापाशी बसून राखेनं पातेलं घासत होती. नाना थांबले. त्यांनी आवाजही खाली आणला नाही.

"आणि मॅडम, हे पातेलं लॅबमध्ये परत नको. पूजाला देऊन टाका. तिच्या घरी चालतं."

मी नानांना काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

गाडी गेली. पूजा घासायची थांबली नाही. पातेल्यावर पाणी ओतता ओतता म्हणाली, "म्हणजे बठ्ठास्ले पहिलेपासून माहीत शे, मॅडम. सगळ्यांना."

मी हौदातून आणखी एक तांब्या भरून तिच्या हातात दिला.

"मग मी कोणापासून लपवत होते?" तिनं पातेलं पालथं घातलं. "तुम्हाला सांगायचं तर सांगा माझं नाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉजवर गेले आणि शेफना पूजाचं नाव सांगितलं. तिथून तशीच कॉलेजला आले, आणि पहिला तास सुरू व्हायच्या आत ते पातेलं लॅबच्या मांडणीवर, होतं त्याच जागी, ठेवून दिलं.