गाडीखालची वीतभर जागा

नवी मोटरसायकल घेतलेला माणूस काही दिवस शहाणा राहत नाही, हे मला ठाऊक होतं. पण इंजिनापुढे लावायच्या एका लोखंडी गार्डपायी इतके धक्के बसतील असं वाटलं नव्हतं. मी नगरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी करतो. चाळिशी उलटल्यावर लांब पल्ल्याची, जड, मोठ्या टाकीची गाडी घेतली. अकोले तालुक्यातल्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या बाजूला मनसोक्त हिंडता यावं म्हणून. गाडी दारात आली आणि पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाहून आईचा फोन आला. "पाय मोडून घ्यायचा असंल तर जा," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

तिच्या बोलण्याला कारण होतं. मी शाळेत असताना ती वडिलांच्या मागे, एका बाजूला पाय सोडून बसून बाजारातून येत होती. वळणावर खडी पसरलेली होती, गाडी घसरली. वेग म्हणाल तर बैलगाडीचा. दोघं खरचटण्यावर सुटली असती, पण गाडी आडवी झाली ती आईच्या डाव्या पायावर, आणि त्या गाडीला गार्डच नव्हता. सगळं वजन नडगीवर आलं. पाय जुळला, पण वाकडा जुळला. त्या पायाने ती पुढे ऊसतोडीला गेली, लंगडत मोळ्या वाहिल्या. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मोटरसायकलवर मात्र ती पुन्हा बसली नाही. दवाखान्यात जायचं असलं तरी फाट्यावर जीपची वाट बघत उभी राहते.

म्हणून मी तिला शब्द दिला: पाय सापडणार नाही असा गार्ड बसवतो, गावी आणून तुला दाखवतो, आणि तू जा म्हणालीस तरच घाटाकडे गाडी वळवतो. शब्द देताना काम सोपं वाटलं होतं.

दुकानात गेलो आणि थक्क झालो. भिंतभर गार्ड टांगलेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "दूध घालता का?" मला काही उमजेना. मग त्याने एक गार्ड काढून दाखवला, त्याला दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवायचे आकडे जोडलेले होते. दूध घालत नाही म्हटल्यावर दुसरा काढला. "मग हा न्या. यावर पाय लांब टाकून बसता येतं, पुण्यापर्यंत कंबर दुखत नाही." म्हणजे जो गार्ड पाय वाचवायला लावायचा, त्याच्याच बाहेर पाय काढून बसायचं, गाडी पडली की पहिला पायच जाणार. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाला, "सगळेच टाकतात की." तिसरा गार्ड मी बोटाने वाजवून पाहिला, तर रिकाम्या डब्यासारखा वाजला. "हा शोचा आहे," तो थंडपणे म्हणाला. इंजिन आणि माणसाची हाडं वाचवायच्या वस्तूतही शोचा माल असतो, आणि तोच जास्त खपतो, हे ऐकून मी मटकन स्टुलावर बसलो. आपण रस्त्यावर रोज ज्यांच्या शेजारून जातो, त्यांच्या गाड्यांना हे लावलेलं असतं.

खरं सांगायचं तर माझा जीव जडला होता तो स्लायडरवर. नायलॉनचे मुठीएवढे दोन गोटे, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसतात. गाडी घसरत गेली तर रस्त्यावर ते घासतात, इंजिन वाचतं. दिसायला सुबक, गाडीचं रूप जराही बिघडत नाही. त्यांच्या शेजारी एक जाड नळीचा, दोन्हीकडे ऐसपैस बाहेर आलेला गार्ड होता. चेसिसला वरखाली घट्ट धरणारा, पण गाडीला म्हशीची शिंगं फुटल्यासारखा. बायकोला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "घ्या, तुमच्या पोटाला शोभेल."

शेवटी दुकानातूनच आईला फोन लावला. गोटे कसे, नळी कशी, हवा कुठून जाते, ऑइल बदलताना काय काढावं लागतं, सगळं समजावलं.  मग ती म्हणाली, "गाडी पडली तर खाली जागा किती ऱ्हाती?"

"गोट्यांनी मूठभर."

"आन् दुसऱ्यानी?"

"वीतभर. थोडी जास्तच."

"मंग इचारतो कशाला?"

म्हशीची शिंगं बसवली आणि सुट्टीला गाडी घेऊन गावी गेलो.

आईची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. ती कुठलीही वस्तू दुकानदाराच्या भरवशावर घेत नाही. बाजारात दोर घ्यायचा तर एक टोक पायाखाली दाबून ओढून बघते. बाज घ्यायची तर भर बाजारात तिच्यावर आडवी होते, मग लोक हसोत नाहीतर बघत बसोत. बादली पाण्याने भरून, उचलून, थोडं चालून दाखव म्हणते. ऊसतोडीच्या फडात कोयत्याची मूठ निसटली तर काय होतं हे तिने पाहिलेलं आहे, त्यामुळे मी या रीतीला कधी हसलो नाही. पण मोटरसायकलच्या बाबतीत ती असलं काही करील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

संध्याकाळी तिने गाडीभोवती फेरी मारली, गार्डला हिसके दिले आणि स्वयंपाकाला लागली. सकाळी मी नारळ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. परत आलो तर अंगणात गाडी आडवी पडलेली, पेट्रोलचा वास सुटलेला, आणि आई जमिनीवर बसलेली. तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गाडीखाली होता.

माझ्या हातून नारळ पडला. शहरात राहायला गेल्यापासून मी तिला आई म्हणतो. त्या घटकेला तोंडातून "आये" निघालं, ते गावच्या हेलात, लहानपणी ओरडायचो तसं.  गाडी पुन्हा त्याच पायावर पडली, या घराच्या दारात, माझी गाडी, एवढंच डोक्यात फिरत होतं. चुलते आणि शेजारचा ट्रॅक्टरवाला गाडीच्या पलीकडे उभे होते, आणि दोघं हसत कसे आहेत हे मला कळत नव्हतं.

"बसतोय," आई म्हणाली.

मला अजूनही अर्थ लागला नाही. चुलते म्हणाले, "आरं, पडली न्हाई ती. आमीच निजवली दोघांनी, खाली पाय बसतोय का बगायला. वैनी ऐकतच नव्हत्या." माझा चेहरा बघून त्यांनी समजूत काढली, "गार्डाला पयला ओरखडा घरातच पडला, बरं झालं. दृष्ट निघाली."

आम्ही तिघांनी गाडी उभी केली. आईने पाय काढला, लुगड्याची धूळ झटकली आणि नडगीवरून हात फिरवला. त्या पायावर जुनी खूण सोडून काही नव्हतं. आणि मग मला राग आला, असा की आवाज चिरकला. "गार्ड वाकला असता म्हंजे? बोल्ट तुटला असता म्हंजे? कुनी सांगितलं हुतं पाय घालायला?"

"वाकला असता तर घाटातबी वाकलाच असता," ती म्हणाली. "म्हनून तर ह्यो पाय घातला. ह्यो आदीच मोडल्याला हाय."

धावती गाडी पडणं वेगळं, दोघांनी सावकाश निजवणं वेगळं, हे मला कळत होतं. अंगणातल्या त्या परीक्षेने घाटातलं काहीच सिद्ध होत नाही. 

भंडारदऱ्याला त्या दिवशी जाणं झालं नाही. गार्डचा एकेक बोल्ट पुन्हा आवळत मी अंगणातच बसून राहिलो. आई चुलीपाशी बसून माझ्या वाटेसाठी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधत होती, आणि ऊन चढतंय, अजून निघाला का नाहीस, म्हणून आतून विचारत होती.