ईराला रडवायची सोपी युक्ती

किराणा दुकानात माल संपतो, किस्से संपत नाहीत. टोकियोच्या फुनाबोरीतल्या माझ्या दुकानात माणूस कढीपत्त्याला येतो, अर्धा तास बोलतो आणि कढीपत्ता विसरून जातो. परत येतो तेव्हा आणखी एक किस्सा घेऊन! माझ्याकडच्या साठ्यातले निम्मे किस्से ईराचे आहेत. ईरा नऊ वर्षांची. वडील समीर मुंबईच्या बँकेतून बदलीवर इथे आलेले, आणि ही पोरगी दक्षिणेतल्या तीन सिनेमांत बालकलाकार. लोकांना ऐकून कौतुक वाटतं. मलाही वाटायचं. आता डोकं तापतं.

*

सुरुवात माझ्याच दुकानात झाली. तिकडचं एक युनिट टोकियोत शूटिंगला आलं होतं, सांबाराची डाळ शोधत आत शिरलं. ईरा दाराशी बसून रिकाम्या बाटल्यांची झाकणं आणि लेबलं वेगळी करत होती. इथल्या मुलांना ती सवयच असते. डायरेक्टर म्हणाला, "बस, हीच आमची हरवलेली मुलगी."

समीर म्हणाला, "पण तिला तुमची भाषा येत नाही."

"लागतेय कुणाला? ओठ हलवू दे, आकडे म्हणू दे. आवाज दुसऱ्या बाईचा टाकू."

म्हणून पहिल्या सिनेमात पोरगी मरणाऱ्या आईचा हात धरून "इची, नी, सान, शी" म्हणतेय. तिकडे थिएटरात रुमाल ओले. इथे तिच्या वर्गातल्या जपानी मैत्रिणीने क्लिप पाहिली आणि विचारलं, "आई मरतेय आणि तू काय मोजतेयस?"

*

दुसरा सिनेमा अर्धा झाला आणि सुट्टी संपून ईरा परत आली. त्यात तिचा खालचा दात पडला. इकडे खालचा दात छपरावर फेकतात, म्हणजे नवा सरळ वर येतो म्हणे. तिने माझ्या दुकानाच्या छपरावर फेकला.

तिकडून मॅनेजरचा फोन. "पडू कसा दिला? आमचा अर्धा सिनेमा दातासकट झालाय. तोच शोधून आणा, चिकटवू."

समीर माझ्याकडे शिडी मागायला आला. मी म्हटलं, "शिडी आहे, पण देणार नाही. पोरीने दात पाडायचा तर आता चेन्नईची परवानगी काढायची का?"

*

आपले लोक काही कमी नाहीत. गणपतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या सेक्रेटरींनी माइक घेतला. "आता आपली लाडकी ईरा आपल्याला रडून दाखवेल!" टाळ्या. मोबाइल वर. ईरा स्टेजच्या कडेला आईला चिकटून "इयादा, इयादा" करतेय. नको म्हणजे नको.

मी उठलो. म्हटलं, "साहेब, तुम्ही ऑडिटर ना? आधी तुम्ही स्टेजवर एखादं ऑडिट करून दाखवा. मग ती रडेल."

तेव्हापासून ते वाटाणे दुसऱ्या दुकानातून घेतात. घेऊ देत.

*

पण खरं डोकं फिरलं ते प्राचीचं बोलणं ऐकून. प्राची ही ईराची आई, मोजकं बोलणारी. इडलीचा रवा घेता घेता म्हणाली, "काका, ईरा सेटवर रडते कशी, माहितीये?"

"ग्लिसरिन घालत असतील."

"डायरेक्टर कानात सांगतो, तुझी आजी गेली. कॅमेरा चालूच असतो. शॉट झाला की चॉकलेट देतात, म्हणतात गंमत केली."

"तिन्ही सिनेमांत?"

"तिन्ही."

"आणि पोरगी दर वेळी फसते?"

"मी विचारलं तिला. म्हणाली, एखाद्या वेळी खरं असेल तर?"

मी रव्याचा पुडा खाली ठेवला. "समीरला माहितीये?"

"पहिल्यापासून. म्हणतो, मुलं विसरतात."

चौथ्या सिनेमाची बोलणी तेव्हा पक्की होत आली होती. हीरोची मुलगी, मोठा रोल, भरपूर रडारड. समीरने फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

*

त्याच आठवड्यात समीरची आई साताऱ्याहून आली. विमानतळापासून ईराने आजीचा पदर सोडला नव्हता. दुकानात आली तीही पदर धरूनच. समीर आतल्या बाजूला तांदूळ बघत होता. ईराला मी आइस्क्रीमच्या फ्रीजकडे पाठवलं आणि आजींना सगळं सांगून टाकलं. मध्ये पडणारा मी कोण, हा प्रश्न बरोबर आहे. पण राहवलं नाही.

आजींनी फ्रीजपाशी उभ्या नातीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणून होय! पोरगी मधेच फोन करायची. 'आजी, तू आहेस ना?' एवढं विचारायची आणि ठेवून द्यायची. मला वाटायचं, मायेनं करते."

तेवढ्यात समीर मोबाइल घेऊन बाहेर आला. फोन वाजत होता. "मॅनेजर आहे. आज उत्तर हवंय त्यांना."

"दे इकडे," आजी म्हणाल्या.

"आई, तू काय बोलणार? ते हिंदीत…"

"दे."

त्याने दिला. आजींनी आवाज अगदी खाली आणला. "ईरा नहीं आएगी. उसकी दादी गुजर गई."

पलीकडचा माणूस एकदम नरमला. फार वाईट झालं, कधी झालं, कसं झालं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "आप कौन बोल रही हैं?"

"दादी," आजी म्हणाल्या, फोन समीरच्या हातात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "हं, कढीपत्ता द्या."