तावड्यांचे दोन कीबोर्ड

चंदीगडच्या आसपास लग्नं भर दुपारी उरकायला लागली होती, त्या वर्षांत गुरुनाथ तावडे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. अतिरेक्यांच्या भीतीनं दिवेलागणीच्या आत वऱ्हाडानं घर गाठायचं, असा रिवाजच पडला होता. गावागावांत भिंतींवर कागद लागलेले असायचे: लग्नात नाचगाणं नको, वाजंत्री नको, वरातीत माणसं मोजकी. कागद कुणी लावले हे विचारायच्या फंदात कुणी पडत नसे. तरीही एखाद्या मुलीच्या मामाला वाटायचंच, की आमच्याकडचं हे शेवटचं कार्य, थोडं तरी गाणं हवं. मग गुरुनाथला बोलावणं यायचं.

त्याचे वडील हवाई दलात होते. शेवटची बदली चंदीगडला झाली, निवृत्त होऊन ते चिपळूणला परतले आणि गुरुनाथ इथेच राहिला. इथल्या लग्नात वाजवणाऱ्याला आग्रह करकरून जेवू घालत. चिपळुणात त्याला आधी विचारलं असतं, की बाकी काय करता? सेक्टर वीसमध्ये गच्चीवरच्या दोन खोल्यांत तो, बायको पद्मिनी आणि मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देणारी मुलगी, असा संसार होता.

पार्टीत सुरुवातीला सहा जण होते. सॅक्सोफोनवाला धमकीची चिठ्ठी आल्यावर दिल्लीला निघून गेला. बेस गिटारवाल्याला त्याच्या आईनं घराबाहेर पाऊल टाकू देणं बंद केलं. ट्रम्पेटवाला कृष्णकांत ज्या बसनं येत होता ती वाटेत अडवली गेली, आणि खाली उतरवून रांगेत उभ्या केलेल्यांत तो होता. ओळख पटवायला गुरुनाथ गेला. चेहरा म्हणावा असं फारसं उरलं नव्हतं. वरच्या ओठावर ट्रम्पेटनं पडलेला घट्टा तेवढा शाबूत होता. त्यावरून त्यानं ओळखलं. घरी येऊन तो पद्मिनीला म्हणाला, "जेवढे जातात तेवढे परत आले पाहिजेत. नाहीतर जाणारेच कमी करायचे."

उरले तिघे. गुरुनाथ स्वतः, कुक्कू नावाचा गायक आणि ड्रमवर हरमेल सिंग. हरमेल वयानं मोठा, अंगानं दुप्पट, आणि बोलायला फटकळ. तीन माणसांत सहा जणांचं गाणं कसं वाजवायचं, या विवंचनेत गुरुनाथ असतानाच पद्मिनीचा भाऊ विनायक, जो मर्चंट नेव्हीत होता, त्यानं सिंगापूरहून एक नवा कीबोर्ड आणून दिला, वर्कस्टेशन म्हणतात तसला.

तोवर गुरुनाथचा सगळा संसार एका जुन्या सिंथेसायझरवर चालला होता. त्याला खुंट्या होत्या, सरकपट्ट्या होत्या. बासरी हवी असेल तर खुंट्या पिळत पिळत ती घडवावी लागे, आणि एकदा घडली की ती तुमचीच. वजनाला हलका, स्कूटरवर मांडीवर मावणारा. पण एका वेळी एकच आवाज, आणि उन्हात तापला की त्याचा सूर उतरायचा. नव्या वर्कस्टेशनचं सगळंच न्यारं. व्हायोलिनं, बेस, ट्रम्पेट, ड्रमसुद्धा तयार आवाजांत आत भरलेले. आणि एकेक वाद्य वाजवून ते त्यातच नोंदवून ठेवता येई. मग एक बटन दाबलं की अख्खा ताफा आपोआप वाजायचा, आपण वर फक्त चाल धरायची. अडचण एकच, त्याचा छोटा पडदा उन्हात मुळीच दिसत नसे.

"म्हणजे जुना उन्हात बेसूर, नवा उन्हात आंधळा," पद्मिनी म्हणाली. "अहो, दोघांवर छत्री धरून मीच उभी राहते ना स्टेजवर."

हरमेल ते बघायला आला तेव्हा गुरुनाथनं एक गाणं लावून दाखवलं. हरमेल दाढी खाजवत ऐकत राहिला.

"ड्रम कोण वाजवतंय?"

"तोच, पाजी."

"आणि मी काय करू? लंगरात भांडी घासू?"

"तुम्ही आहातच हो. तुम्ही नाकाबंदीत अडकलात तर असावा म्हणून भरलाय. आलात की त्याच्या वरून वाजवा."

"आज बेसवाल्याला खाल्लं यानं, उद्या मला खाईल. मराठे, घरात साप पाळलास." गुरुनाथ मराठी, म्हणून तो त्याला 'मराठे'च म्हणायचा. मग बटनाकडे बोट करून म्हणाला, "आवाज मात्र झकास आहे साल्याचा. परत लाव."

त्या हिवाळ्यात गुरुनाथनं बरीच गाणी भरून ठेवली. तिघं जायचे आणि सहा जणांचा दणका उडवून, उजेड असतानाच तिघं परत यायचे. पद्मिनीचा जीव रोज संध्याकाळी भांड्यात पडायचा. माणसं कमी केली आणि माणसं वाचवली, असा गुरुनाथचा हिशेब होता, आणि तो जुळत होता.

फेब्रुवारीत चंदीगडजवळच्या खरड गावात एका घरामागच्या बागेत लग्न होतं. ऊन कोवळं होतं, पोरीबाळी नाचत होत्या, आणि स्टेजवर वर्कस्टेशन, वरून हरमेलचे ड्रम. स्कूटरवरून दोघं आले. अंगावर खेस, म्हणजे जाड चादरी, लपेटलेले. फाटकाशी मुलीचा मामा हात जोडून पुढं झाला, तसे खेस बाजूला झाले आणि बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. मामा गुडघ्यावर आला, दात हातात घेऊन.

"वाजा बंद करो ओए."

कुक्कूचं गाणं तोंडातल्या तोंडात राहिलं. हरमेलनं काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि हात वर केले. गुरुनाथनंही दोन्ही हात डोक्यावर नेले. बंदूक त्याच्या छातीवर होती.

आणि गाणं चालूच राहिलं.

बेस चालू, व्हायोलिनं चालू, ड्रम तर असे दणदणीत, की जणू हरमेलला चेव चढलाय. गुरुनाथला बटन दिसत होतं. हात खाली आणला असता तर वीतभर अंतर. पण बंदूकवाला ओरडत होता, "हाथ उत्ते," आणि हात तर वरच होते. दर लग्नात एकदा तरी वीज दगा द्यायची. त्या दिवशी घरच्यांनी हौसेनं नवा जनरेटर आणला होता.

दोघांतला पोरगेला होता त्यानं आधी गुरुनाथकडे बघितलं, मग हरमेलकडे. काठ्या पडलेल्या, हात वर, आणि ड्रम वाजताहेत. आपली थट्टा चाललीय, असं त्याला वाटलं असणार. त्याचा चेहरा लाल झाला.

"मशीन है जी," हरमेल म्हणाला. "मी तार काढतो."

तो मागं वळला आणि त्यानं उजवा हात पाठीमागच्या विजेच्या बोर्डाकडे नेला. पोरानं एवढंच पाहिलं, की सरदार मागून काहीतरी काढतोय. गोळ्या सुटल्या. हरमेलच्या कोपराच्या चिंधड्या उडाल्या, ड्रम फुटला, आणि तो तारेसकट खाली कोसळला तेव्हा कुठे गाणं थांबलं. मग ते दोघं गेले. जाताजाता त्यांनी फाटकातल्या आचाऱ्याला उगीचच गोळी घातली. तो त्यांच्या वाटेतसुद्धा नव्हता.

गुरुनाथनं मंडपाचं कापड फाडून हरमेलचा दंड आवळला, आणि दुधाच्या व्हॅनमधून त्याला चंदीगडला आणेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गुरुनाथला चौकीवर बसवलं. वर्कस्टेशन आणि अ‍ॅम्प्लिफायर जप्त होऊन तिथंच पडले होते.

"दोन्ही हात वर होते म्हणतोस. मग वाजवत कोण होतं, तुझा बाप?" आणि एक थोबाडीत बसली. "त्यांना काय खूण करत होतास?"

"साहेब, ते आपोआप वाजतं."

दुसरी बसली. मग साहेबालाच काय वाटलं कोण जाणे. "दाखव," तो म्हणाला.

गुरुनाथनं तारा जोडल्या. पट्ट्यांच्या फटीत रक्त वाळून काळं झालं होतं. त्यानं बटन दाबलं आणि चौकीभर लग्नाचं गाणं दणाणलं. आतल्या खोलीत कुणाला तरी मारत होते. तो आवाजही थांबला. एक शिपाई दारात येऊन बघत उभा राहिला, हातात पट्टा तसाच.

"बंद कर."

गुरुनाथनं बोट टेकवलं. गाणं थांबलं.

साहेब त्या बोटाकडे बघत होता. "एवढंच होतं? मग तिथं का नाही दाबलंस?"

"हात वर होते, साहेब."

शिपाई आत गेला आणि आतलं मारणं पुन्हा सुरू झालं.

हरमेल वाचला, पण हात कोपरापासून काढावा लागला. गुरुनाथ रोज इस्पितळात जाऊन बसायचा. एके दिवशी मान खाली घालून म्हणाला, "पाजी, मशीन परत मिळालं की विकून टाकतो. जुनाच बरा. हात उचलला की गप्प बसतो."

"टाक विकून," हरमेल म्हणाला. "आणि मी या एका हातानं काय वाजवू? मंदिरातली घंटा?"

"मी जन्मभर तुमच्या घरी—"

"माझ्या घरी रडायला माझी बायको आहे. तिला मदत नको." हरमेलनं डाव्या हाताची बोटं पांघरुणावर आपटून पाहिली. "त्याच्या पट्ट्यांवर ड्रमचे आवाज आहेत ना? पाच बोटांत मावतील?"

गुरुनाथनं मान वर केली. जुन्यावर ते कधी जमलं नसतं.

मशीन चौकीतून सुटून आलं, आणि उन्हाळाभर हरमेल सेक्टर वीसचा जिना चढून येत राहिला. जाड बोटं, एकीखाली दोन पट्ट्या दाबल्या जायच्या, ताल लंगडायचा, आणि मग पंजाबीतून अशा शिव्या यायच्या, की पद्मिनी मुलीला शेजारी पाठवून द्यायची. वर्कस्टेशनला वाकडा ताल सरळ करायचं एक बटन होतं. गुरुनाथचा हात दोनदा तिकडे गेला.

"बोट लावलंस तर मोडीन," हरमेल म्हणाला. "अजून एक हात आहे मला."

त्याच सुमाराला गुरुनाथनं भरलेली सगळी गाणी पुसून टाकली. पद्मिनी दारात उभी होती.

"सगळी? हिवाळाभर डोळे फोडून भरलीत ती?"

"सगळी. आता कुणी वाजवलं तरच वाजेल."

"आणि जाणारे कमी करायचे म्हणत होतात, त्याचं काय?"

"तिघंच जाणार," तो म्हणाला. "पद्मा, पाजी घरी बसला तर मी खरडहून त्याला आणलंच नाही म्हणायचं."

डबा भरताना तिनं भांड्यांचा आवाज जरा जास्तच केला.

पहिलं काम पिंजौरला मिळालं, तेही दुपारचं. गुरुनाथ जुन्या सिंथेसायझरवर, शेजारी वर्कस्टेशनवर हरमेल, रिकामी बाही खिशात खोचून. ताल अजून किंचित लंगडत होता; नाचणाऱ्यांनी तो तसाच पायात घेतला. आणि ऐन रंगात आलेलं असताना नवऱ्या मुलाकडच्या कुणीतरी आनंदाच्या भरात दुनळी बंदूक हवेत झाडली.

गुरुनाथचे हात त्याला कळायच्या आत डोक्यावर गेले होते. कुक्कू टेबलाखाली. हरमेलचा एक ठोका चुकला, आणि डावा हात पट्ट्यांवर पुन्हा चालू लागला.

"हात खाली घे, मराठे," तो न थांबता म्हणाला. "नवरदेवाच्या आत्याचा नवरा आहे, प्यायलाय. चाल धर, एकट्यानं किती ओढू?"

गुरुनाथला ऐकू आलं होतं. पण हात खाली आणायला त्याला अख्खं कडवं लागलं.