काकांची दक्षिणेची खिडकी

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात, भाषणं संपल्यावर आणि बटाटेवडे येण्याआधी, साउथ डकोटातल्या एका आदिवासी कॉलेजच्या ग्रंथपालबाईंवर अन्याय झाला. करणारे आपणच, म्हणजे आपलं इथलं मराठी मंडळ. विरोधाला उठला एकच माणूस: आमचे शेजारचे काका. त्यांच्याइतकी वीज वाचवणारा आणि त्याहून जास्त डोकं खाणारा माणूस आमच्या अख्ख्या शॉमबर्ग गावात नाही.

काका निवृत्त इंजिनिअर. जन्मभर मोठमोठ्या ऑफिसांचं हीटिंग डिझाइन केलं आणि स्वतःच्या घरी जानेवारीत पाहुण्यांना शाली दिल्या. लोकांना वाटायचं, सत्कार आहे. मग कळायचं, हीटर बंद आहे. आपण खोलीतून उठायच्या नुसत्या बेतात असलो तरी दिवा मालवायचे. वर, "अगं, गप्पा मारायला उजेड कशाला लागतो?"

त्या कॉलेजचं वाचनालय एका जुन्या ट्रेलरमध्ये आहे. हीटर लावला की कम्प्युटर बंद पडतात. कमी विजेवर चालणारं नवं वाचनालय बांधायचं ठरलं, तेव्हा मंडळाने मदत जाहीर केली आणि काकांनी फुकट नकाशा काढला. तिथल्या कुणालाही न विचारता, शॉमबर्गच्या सोफ्यावर बसून! मग मला ड्राइव्ह करायला लावून तिथे गेले आणि हातमोजे घालून पुस्तकं लावणाऱ्या त्या बाईंना तासभर वीजबचतीवर व्याख्यान दिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाईंनी सगळं ऐकलं, मग नकाशातल्या दारावर बोट ठेवलं. "हिवाळ्यातला वारा इथूनच येतो. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

परतीच्या सबंध रस्त्यात काका एवढंच बोलले, "गाढव आहे मी. लिहून ठेव." मी ठेवलं.

बाईंच्या सांगण्यावरून नव्या नकाशात दार पूर्वेला गेलं आणि दक्षिणेला भिंतभर खिडकी आली. हिवाळ्यातलं ऊन थेट वाचणाऱ्यांच्या टेबलावर, हीटरला सुट्टी.

आणि मंडळ? आपल्याकडे देवळाच्या पायरीवरसुद्धा देणगीदाराचं नाव कोरतात. लोक तुडवून जातात, पण नाव हवं. इथेही तेच. संगमरवरी पाट्यांसाठी दक्षिणेची भिंत सलग पाहिजे, खिडकी कॅन्सल करा, नाहीतर मदत नाही. अध्यक्ष म्हणाले, "काका, उजेडाला ट्यूबलाइट आहेत की!" हशा पिकला.

काका उठले. पाट्यांच्या यादीतलं पहिलं नाव काकूंचं होतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली. "तिचं नाव खोडा," काका म्हणाले. "मी दिवे मालवायचो, म्हणून ती जन्मभर खिडकीत बसून वाचायची. तिच्या नावाने खिडकी बुजवू नका."

बटाटेवडे आले. अट मंजूर झाली.

बाईंनी ती धुडकावली. त्या अजून ट्रेलरमध्येच आहेत, हातमोजे घालून. इकडे काकांच्या खिडकीजवळ, काकूंच्या खुर्चीमागे, हल्ली भरदुपारीही एक दिवा चालू असतो. परवा सवयीने मी मालवायला गेले, तर म्हणाले, "राहू दे गं."

पाट्यांच्या यादीत तुमचंही नाव असेल. आजच मंडळाला फोन करा आणि सांगा: आमची पाटी नको, खिडकी ठेवा.