हातभर जादा वायर

आमच्या किनाऱ्यावर खारा वारा लोखंडी पाइप खाऊन टाकतो, म्हणून ह्यांनी बाहेरच्या भिंतीवर वायरींसाठी फायबरग्लासचं ट्रंकिंग, म्हणजे झाकणाची लांब पन्हळ, बसवलं होतं. ते स्वतः वायरमन होते.

त्यांना जाऊन वर्ष झालं. आज अंगणातल्या दिव्यासाठी दुसऱ्या वायरमनने ते झाकण उघडलं. आत मिठाचा कणही नव्हता. कोपऱ्यात हातभर जादा वायर गुंडाळून ठेवलेली, टोकाला ह्यांच्या हातची काळी टेप.

"पुढच्या कामाला राखून ठेवतो आम्ही, काकू," तो म्हणाला. "पुन्हा यायचं असतं ना. दिव्याला एवढी पुरेल. घेऊ?"

ते गेल्याची बातमी साऱ्या घरात पोचली होती. तेवढ्या पन्हळीत मात्र ती अजून शिरली नव्हती.

"नको," मी म्हटलं. "नवी आणते. झाकण लाव."