कोपरं अंगाशी धरा

आरमोरीच्या बसस्टँडमागं इस्तारीचा फोटो स्टुडिओ आहे. बोर्ड अजून आहे, गिऱ्हाईक नाही. हातोहाती मोबाइल आले, तेव्हापासून फोटोसाठी कुणाला इस्तारी लागत नाही. पण त्याची खोड काही जात नाही. स्टँडवर पोरी फोटो काढताना दिसल्या, की हा हजर. "ऊन पाठीमागं घ्या. डोस्क्यातून खांब उगवून राह्यला, जराशे सरका. अन् कोपरं अंगाशी धरा, नाई तं हात हालते." पोरी हसतात, पण फोटो चांगला येतो.

एकाच बाईला हे कधी जमलं नाही. ती त्याची बायको, रंभा. पंचवीस वर्षांपूर्वी वैनगंगेच्या वाळूत "आज मी तुमचा फोटो काढीन" म्हणत तिनं कॅमेरा ओढूनच घेतला. ऊन पाठीशी घेतलं खरं, पण सकाळची तिची लांबलचक सावली थेट इस्तारीच्या पायांशी आली. फोटो धुऊन आल्यावर इस्तारीनं तिला झापलं आणि सावलीचा भाग कात्रीनं कापून टाकला. तिनं परत कॅमेऱ्याला हात लावला नाही.

गेल्या वर्षी रंभा गेली. मूलबाळ नव्हतं. घर खायला उठलं. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा, आणि अर्ध्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा धड एक फोटो नाही. लग्नातली मुंडावळ्यांत झाकलेली. आधारवरची तर तिच्या आईनंही ओळखली नसती. स्टुडिओतले चार होते, पण "हसू नको, हालू नको" म्हणत यानंच तिला लाकडासारखी बसवली होती. दुसऱ्यांच्या बायकांना हसवायला मात्र दहा गमती सांगायचा. इस्तारीला स्वतःची लाज वाटली.

मग ती सावली आठवली. कापलेला तुकडा केव्हाच केरात गेला होता, पण निगेटिव्हला त्यानं कात्री लावली नव्हती. तीन दिवस त्यानं डबे उपसले. चौथ्या सकाळी पट्टी सापडली. खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: वाळू काळी, इस्तारीचं तोंड काळं, आणि पायांशी पांढरीशुभ्र रंभा. आपलं तोंड काळं, हे बरोबरच आहे, असं त्याला वाटलं.

ब्रह्मपुरीहून त्यानं फोटो मोठा करून आणला, भिंतीवर लावला, हार घातला. श्राद्धाला आलेली शेजारीण इंदुताई दारातच थबकली.

"अगाई, भाऊ! तुमी तं जिते आहा. सोताच्याच फोटोले हार काऊन घातला?"

"माह्याले नाई, बाई. पायापाशी पाहा."

इंदुताईनं चष्मा पुसला आणि जवळ जाऊन पाहिलं. वाळूवर एक सावली होती, डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं बाहेर फाकवलेली.

"रंभाच!" तिनं सावलीच्या कोपरावर बोट टेकवलं. "तांदूळ पाखडतानी बी अशीच कोपरं फाकवे ना ती!"

"फाकवे," इस्तारी म्हणाला. "मीच उगा अंगाशी धराले सांगत होतो."