पेन्सिलीचं भोक

साहेबांनी माझा कागद माझ्याच गळ्यात बांधला. सुतळीनं. चांदमारीवर दहा गोळ्या झाडल्या होत्या मी, आणि निशाणाचा कागद कोरा. एक भोक नाही. गोळ्या कुठं गेल्या ते मागच्या टेकडीलाच ठाऊक.

"नांगराची मूठ धरणाऱ्याला रिव्हॉल्व्हर दिलं की असं होतं," साहेब म्हणाले. "घरी जाईपर्यंत काढायचा नाही."

काढला नाही. कारखान्याच्या बसमधून आमच्या नंदनवन वस्तीत उतरलो, पानठेल्यासमोरून गेलो, दारात उभा राहिलो. बायकोनं कागद उलटसुलट करून पाहिला. "यात तं काहीच लिहिलं नाही जी."

"तेच तं," मी म्हणालो.

मी कुहीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. कारखान्यात साहेबांच्या हाताखाली हत्यारी पहारेकरी म्हणून लागलो होतो, दुसऱ्या दिवशी हातात लाठी आली. वर्षभरानं पुन्हा चाचणी. नेम लागला तर रिव्हॉल्व्हर परत, नाही तर जन्मभर फाटक उघडायचं. तोवर दर महिन्याच्या चांदमारीला मी निशाणाखालच्या खंदकात. लोक गोळ्या झाडायचे, मी भोकं मोजून ओरडायचो आणि कणकेच्या खळीनं ती बुजवायचो.

साहेबांच्या कागदाचं काम वेगळं. त्यासाठी त्यांनी मला एक पेन्सिल दिली होती. "कमी पडली तर मधोमध दोन-चार पाड." मी पाडायचो. टोक काढून, सुबक पाडायचो. हे सांगताना आजही मान खाली जाते.

पण शिकवलं त्या खंदकानंच. चाप झटक्यानं ओढणाऱ्याची गोळी खाली, डावीकडं जाते. महिनोन्‌महिने तेच पाहत होतो. हत्यारखान्याचे हवालदारकाका दुपारी रिकामं रिव्हॉल्व्हर हातात द्यायचे, नळीवर रिकामं काडतूस उभं करायचे. "दाब गा, ओढू नको. हे पडलं नाही पाह्यजे." महिनाभर पडलंच. घरी मी कोळशाची इस्त्री हात लांब करून धरायचो. बायको म्हणायची, "हवेले इस्त्री करून राहिले का जी? माहं लुगडं तरी घ्या." खांदा असा भरून यायचा की घास तोंडापर्यंत जायचा नाही. पोट तरीही सुटलंच, ते कसं कोण जाणे. थकलो होतो. तरी काडतूस पडायचं थांबलं.

चाचणीला खंदकात दुसरा होता. मी नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी तेवढी पाहिली आणि दाबत गेलो. कागद आला. नऊ मधल्या काळ्या गोलात, एक काठावर.

साहेबांनी तो सगळ्यांसमोर वर धरला. "खंदकातून पेन्सिल मारून घेतलीस ना? तुम्हा लोकांना मेहनत नको. लबाडी तेवढी येते."

पेन्सिल कुणाची, हे निम्म्यांना माहीत होतं. सगळे बुटांकडं पाहत राहिले. मी पुढं होऊन कागदाकडं बोट केलं. हात हलला नाही.

"साहेब, गोळीच्या भोकाले शिशाची काळी कडा राह्यते. पेन्सिल नुसती फाडते. माह्या दहाही भोकाले कडा आहे, पाहून घ्या. तुमचा कागद हाफिसात भितीवर टांगला आहे. त्यात दोन बिनकडेचे आहेत. मीच पाडले ते."

रिव्हॉल्व्हर मिळालं नाही. चाचणी पुढच्या वर्षी, तोवर खंदक. हवालदारकाका हळहळले. "काहून बोलला गा? गप राह्यला असता तं साहेबाचा राग उतरून हत्यार भेटलं असतं."

"काका, गप राहाचा सराव लय झाला."

पुढच्या महिन्यात चांदमारीआधी मी साहेबांच्या टेबलावर पेन्सिल ठेवली आणि खंदकात उतरलो. साहेबांनी दहा झाडल्या. त्यांचा कागद खाली ओढला. एकेका भोकावर बोट ठेवून मोजलं. दोनदा.

मग शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा ओरडलो, "चार!"

पुन्हा ओरडलो, "चार!"

जन्मभर फाटक उघडीन. पाचवं भोक पाडणार नाही.